एडिसन, बुरशी अन् गुत्तेदाराचा पोरगा

गेल्या महिनाभरात कंपनीच्या, गावाकडच्या, पोरांच्या शाळेच्या, सगळ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरूलालाय. मजकूर थोडक्यात असा: चुका करा, बिनधास्त करा. एडिसन दहा हजार वेळा चुकला तेव्हा बल्ब पेटला. पेनिसिलिन तर चुकीतूनच सापडलं. जो काम करतो तोच चुकतो. एकदा चुकलेला माणूस तीच चूक परत करत नाही. पडलात तरी पुन्हा उभे राहा. चूक झाली की आपली म्हणून मान्य करा अन् पुढं चला. खाली उगवता सूर्य, हात जोडलेले.

मी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला ऑटोपार्टच्या कारखान्यात क्वालिटीत आहे, म्हणजे लोकांच्या चुका मोजायचाच पगार घेतो, त्यामुळं नुसता अंगठा दाखवून पुढं जाता येईना. एकेक मुद्दा घेतो.

"एडिसन दहा हजार वेळा चुकला"

पहिलं म्हणजे ते वाक्य बल्बचं नाहीच. एडिसन निकेल-लोखंडाच्या बॅटरीवर काम करत होता, हजारो प्रयोग होऊन हाती काही लागत नव्हतं, तेव्हा एका सहकाऱ्यानं हळहळ व्यक्त केली अन् एडिसन म्हणाला की रिझल्ट मिळाले की, काय चालत नाही अशा कित्येक हजार गोष्टी मला आता माहीत झाल्यात. ही त्या सहकाऱ्यानं सांगितलेली आठवण. पुढं ती फिरत फिरत बल्बला चिकटली अन् आकडा ज्याला जसा आवडला तसा पडला, कुठं हजार, कुठं दहा हजार.

दुसरं म्हणजे ह्या चुका नव्हत्याच ना राव. एडिसनच्या मेन्लो पार्कच्या लॅबमध्ये पगारी माणसं होती, वह्या होत्या, कुठली तार जाळली किती वेळ टिकली ते लिहून ठेवलं जायचं, अन् मागं मॉर्गनसारख्या बँकवाल्यांचा पैसा होता. एक तार जळाली तर दुसरी लावायची, नोकरी कुणाची जात नव्हती. १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये कोळशाची तार बरेच तास टिकली, मग बांबूची तार घेतली तर ती त्याच्याहून कितीतरी जास्त टिकली. हे ठरवून केलेलं टेस्टिंग आहे, अन् त्याच काळात इंग्लंडमध्ये स्वान नावाचा माणूसही तेच करत होता. आमच्या लाईनवर नाईट शिफ्टला कुणी टॉर्क, म्हणजे बोल्ट किती घट्ट बसलाय, ते न तपासता तीनशे पीस सोडले तर तो एडिसन होत नाही.

"पेनिसिलिन चुकीतून सापडलं"

सापडलं, पण कुणाला ते बघा. सप्टेंबर १९२८, फ्लेमिंग सुट्टीवरून लंडनच्या सेंट मेरी हॉस्पिटलात परत आला, एका बशीत बुरशी लागलेली अन् तिच्या भोवतीचे जंतू मेलेले. अशी खराब झालेली बशी त्या काळात कुठल्याही लॅबमध्ये रोज फेकली जात असणार. ह्यानं ती फेकली नाही, कारण जंतू मारणाऱ्या पदार्थांवर त्याचं आधीपासून काम चालू होतं, काही वर्षं आधी लायसोझाइम नावाचा असाच एक पदार्थ त्यानंच शोधलेला, म्हणून त्याला कळलं की आपण काय बघतोय.

अन् त्यानंतर काय झालं ते मेसेजवाले सांगत नाहीत. औषध म्हणून ते दहाएक वर्षं तसंच पडून राहिलं. ऑक्सफर्डात फ्लोरी, चेन अन् त्यांच्या टीमनं ते शुद्ध करायची वाट काढली, १९४१ मध्ये एका आजारी पोलिसाला दिलं, तो सुधारू लागला, औषध संपलं, अन् तो गेला. त्याच्या लघवीतून औषध परत काढून सुद्धा पुरलं नाही. १९४५ चं नोबेल तिघांत वाटलं गेलं ते ह्याच्यामुळं. चुकीनं दिली ती फक्त एक घाणेरडी बशी, बाकी सगळी मेहनत.

"जो काम करतो तोच चुकतो"

खरं आहे, पण ह्यात काय सांगितलं? जो रस्त्यानं चालतो त्यालाच ठेच लागते. पुढचा मुद्दा.

"एकदा चुकलेला माणूस तीच चूक परत करत नाही"

हा सगळ्यात खोटा, अन् माझं अर्धं काम ह्याच्यातच जातं म्हणून इथं जरा वेळ घेतो.

समजा तो माणूस खरंच शिकला. पण तो गुत्तेदाराचा पोरगा आहे, म्हणजे ठेकेदारामार्फत कामावर आलेला, सहा-सात महिन्यांनी त्याला ब्रेक मिळतो, म्हणजे घरी बसवतात, त्याच्या जागी बदनापूरचा नाहीतर गंगापूरचा नवीन पोरगा उभा राहतो, अन् शिकलेलं पहिल्याच्या डोक्यात बसून गावाकडं जातं. मशीन तेच, फिक्स्चर (पार्ट धरून ठेवायचा साचा) तेच, डावा ब्रॅकेट उजव्या जागेत तसाच आरामात बसतो. मग नवीन पोरगा तीच चूक करतो अन् साहेब म्हणतात आजकालच्या पोरांचं लक्षच नाही.

रिजेक्शन आल्यावर, म्हणजे माल नापास झाल्यावर, आपण कागद भरतो. व्हाय-व्हाय म्हणजे पाच वेळा 'कामून' विचारायचं, पण बहुतेक कागदांवर दुसऱ्याच 'कामून'ला उत्तर येतं की ऑपरेटरचं दुर्लक्ष, अन् उपाय म्हणून लिहिलं जातं की ऑपरेटरला समज दिली, ट्रेनिंग दिलं. सही, शिक्का, फाईल. कुठल्याही कारखान्यात जुनी फाईल उघडा, हेच वाक्य सापडेल, अन् त्याच फाईलमध्ये चार पानं पुढं तीच चूकही सापडेल.

शिगेओ शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरची १९६१ ची गोष्ट पोकायोकेच्या, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय करायच्या, प्रत्येक ट्रेनिंगला सांगतात. यामादा नावाच्या कारखान्यात एक छोटा स्विच बनायचा, दोन बटणं, खाली दोन स्प्रिंगा, अन् कामगार कधीकधी एक स्प्रिंग विसरायचे. आधी तिथंही रागावून, लक्ष द्या म्हणून सांगून झालेलं. शिंगोनं सांगितलं की जुळणी सुरू करायच्या आधी दोन स्प्रिंगा काढून एका छोट्या ताटलीत ठेवा, स्विच झाल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली असेल तर विसरलात. बस. माणूस बदलला तरी ताटली तिथंच राहते. आपल्या डाव्या-उजव्या ब्रॅकेटला फिक्स्चरमध्ये एक पिन मारली तर उलटा बसणारच नाही, त्याला वेल्डरचा थोडा वेळ लागतो, पण आधी ट्रेनिंगच्या कागदावर सह्या घ्यायची आपल्याला घाई.

"पडलात तरी पुन्हा उभे राहा"

हे गावाकडच्या ग्रुपवर वाचून लई राग आला. मृगाच्या पहिल्या सरीला पेरलं, पुढं पाऊस गायब, सोयाबीन उगवलंच नाही, आता दुबार पेरणी. त्या शेतकऱ्याला सांगा बरं की चुकीतून शिका. शिकेल हो, पण मोंढ्यातल्या दुकानदाराची उधारी त्या शिकण्यावर फिटत नाही, अन् शिकलेलं वापरायला पुढचा जून यावा लागतो.

म्हणून तर कृषी विद्यापीठवाले अन् कृषी खात्याची माणसं दरवर्षी ओरडून सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, अन् घरचं बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याभरात मोजा, ७० किंवा जास्त उगवले तर पेरा, थोडे कमी भरले तर बियाणं वाढवा, फारच कमी भरले तर ते बियाणं नकोच. जे चुकायचं ते गोणपाटात चुकू द्या, वावरात नको. ज्याला दुसरा चान्स नाही त्याला चुकायचं धाडस शिकवू नका, तपासायची सोय द्या.

"चूक आपली म्हणून मान्य करा"

आता हे ऐकायला लई चांगलं. पण २६ एप्रिल १९९३ ला दुपारी एकच्या सुमारास औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं विमान उडालं ते आठवा, आमच्याकडच्या जुन्या लोकांना अजून आठवतं. धावपट्टी संपते तिथून बीड रस्ता जात होता, रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक, विमान वेळेवर उचललं गेलं नाही, चाक ट्रकला लागलं, पुढं विजेच्या तारांना धडकून ते कोसळलं. ११८ पैकी ५५ माणसं गेली.

पायलट म्हणाला असता चूक माझी, तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. चौकशीत पायलटनी विमान उशिरा अन् चुकीच्या पद्धतीनं उचललं हे आलंच, पण त्याच्याच जोडीला हेही आलं की उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रणात ठेवायची होती ती नॅशनल एअरपोर्ट्स अथॉरिटीनं ठेवली नाही. एकानं मान खाली घालून चूक कबूल केली अन् सगळे पुढं गेले, तर ट्रक उद्या परत त्याच जागी असतो.

अन् मान्य करा म्हणायला आपल्या बापाचं काय जातं, मान्य केल्यावर काय होतं ते सांगा की. अमेरिकेत १९७६ पासून नासा विमानवाल्यांसाठी एक योजना चालवते, नकळत नियम मोडला अन् दहा दिवसांत स्वतःहून लिहून कळवलं तर सहसा दंड नाही, लायसन सस्पेंड नाही. मुद्दाम केलेलं, गुन्हा किंवा अपघात ह्यात बसत नाही. एवढी हमी दिली म्हणून लोक लिहितात. टोयोटात काही चुकलं दिसलं की कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, त्या टप्प्याच्या वेळेत प्रश्न सुटला नाही तर अख्खी लाईन थांबते. आमच्याकडं ती दोरी बसवलेली असते, ऑडिटला दाखवतात पण. ओढली की पहिला प्रश्न येतो, कोण रे तो, कोणत्या गुत्तेदाराचा?

हा मेसेज आमच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांत तीन सुपरवायझर अन् एक एचआरचे सर आहेत. त्यांना एवढंच विचारतो, मागच्या महिन्यात तुमच्या लाईनवर गुत्तेदाराच्या किती पोरांनी स्वतःहून येऊन चूक सांगितली, अन् त्यातले किती अजून कामावर आहेत?