चाळीस हजारांखालचा इंटरफेस म्हणे कचरा!

गाणं शिकणाऱ्यांच्या, की-बोर्डवाल्यांच्या आणि घरबसल्या कव्हर साँग करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: चाळीस हजारांच्या आतला ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) म्हणजे पैसे पाण्यात. स्वस्त प्रीअँप (माइकचा बारीक आवाज मोठा करणारा त्यातला भाग) खरखरतात. १९२ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) नसेल तर आवाजात 'खोली' येत नाही. फँटम पॉवर (इंटरफेस केबलमधून माइकला देतो ती वीज) साधा माइक जाळते. लेटन्सीमुळे (आवाज संगणकातून फिरून परत यायला लागणाऱ्या उशिरामुळे) गाणं तालात बसत नाही. दोन इनपुटांत मैफल मावत नाही. आणि शेवटी टोमणा, की परवडत नसेल तर मोबाइलवरच रेकॉर्ड करा.

पाचांतला फार तर दीड मुद्दा खरा आहे. पण ज्याच्याकडे बारा-पंधरा हजारच आहेत तो हे वाचून एक तर गप्प बसतो, नाहीतर कर्ज काढतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

खरखरीवर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त भीती तिचीच घातली जाते. प्रीअँपची स्वतःची खरखर मोजतात. फोकसराइटच्या स्कार्लेट टू-आय-टूच्या चौथ्या पिढीत ती वजा १२७ डीबीयू आहे (डीबीयू हे विजेच्या पातळीचं माप; वजा आकडा जितका मोठा, तितकी खरखर कमी). आता ऑडिओ-टेक्निकाचा एटी-२०२० हा घराघरांत दिसणारा कंडेन्सर माइक घ्या. त्याची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक आवाजाला तो किती सिग्नल देतो ते, वजा ३७ डेसिबल; इथे वजा आकडा मोठा तितका माइक हळू. या दोन आकड्यांवरून गणित मांडलं, तर इंटरफेसची खरखर खोलीतल्या साधारण २ डेसिबल आवाजाइतकी भरते. माइकची स्वतःची खरखर २० डेसिबल. शांत फ्लॅटमध्ये रात्री दार-खिडक्या लावून बसलात तरी खोलीतच ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, आणि पंखा लावला की तो आणखी चढतो. गेन (प्रीअँप आवाज किती वाढवतो ते) कमी ठेवला तर प्रीअँपचा आकडा थोडा बिघडतो हे खरं, पण तरीही तो या रांगेत शेवटीच उभा राहतो. महागातला महाग प्रीअँप इथे मोजकेच डेसिबल वाचवेल, तेही २० आणि ३० च्या खाली गाडलेले. ऐकायला कुणाला येणार?

यात एक अपवाद आहे आणि तो मान्य करायला हवा. पॉडकास्टवाल्यांचा लाडका शुअर एसएम-७बी फार हळू बोलतो. त्याची संवेदनशीलता वजा ५९. त्याच स्कार्लेटवर तेच गणित केलं की खरखर २४ डेसिबलच्या घरात येते. शिवाय त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. या स्कार्लेटमध्ये तो ६९ पर्यंत जातो, ऑडिएंटच्या ईव्हीओ-४ मध्ये ५८ पर्यंत, आणि अगदी तळाच्या डब्यांवर नॉब शेवटपर्यंत फिरवूनही आवाज पुरत नाही. म्हणजे हा माइक घ्यायचाच असेल तर इंटरफेसचा गेन आधी बघा. पण घरात भावगीत म्हणायला हाच माइक हवा, असं कुणी सांगितलं?

मग लोकांना खरखर ऐकू येते ती कुठली? बहुतेक वेळा केबलची. आपल्याकडे ऑर्केस्ट्राच्या, भजनी मंडळाच्या सामानातून आलेल्या माइकला एका टोकाला पी-३८ जॅक (गिटारच्या केबलला असते तशी जाड पिन) असतो. तो इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटच्या मधल्या भोकात बसतो आणि थेट लाइन किंवा गिटारच्या इनपुटला जातो. तिथे माइकच्या प्रीअँपची ताकद मिळतच नाही. आवाज बारीक येतो, मग सॉफ्टवेअरमध्ये तो वीस-तीस डेसिबल चढवतात, आणि 'स्वस्त इंटरफेस खरखरतो' असा शेरा मारतात. तीन पिनांची एक्सएलआर केबल लावा, मग बोला.

दुसरा संशयित म्हणजे घुंऽऽ असा सलग आवाज. आपली वीज ५० हर्ट्झची. लॅपटॉपच्या चार्जरला अर्थिंग नसेल किंवा भिंतीतल्या सॉकेटची तिसरी पिन नुसती शोभेची असेल, तर ती वीज ५० हर्ट्झच्या पटीत गुणगुणत रेकॉर्डिंगमध्ये उतरते. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आवाज गेला, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, इंटरफेस बदलू नका. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही मधल्या आकड्यावर असताना अशीच किरकिर करतो.

१९२ किलोहर्ट्झचा मुद्दा लवकर संपतो. माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तोही तरुणपणी. सॅम्पलिंग रेटच्या निम्म्यापर्यंतची प्रत्येक कंपनसंख्या नोंदता येते, म्हणून सीडीला ४४.१ किलोहर्ट्झ पुरले. तंबोऱ्याच्या जवारीतले आपल्याला ऐकू येणारे सगळे स्वर ४८ मध्ये मावतात. १९२ वर एका ट्रॅकची फाइल मिनिटाला साडेआठऐवजी चौतीस एमबी होते, आणि जुना लॅपटॉप धापा टाकतो. लक्ष द्यायचं तर २४ बिटकडे द्या. मग सर्वांत मोठी तान मीटरवर वजा १२ डेसिबलपर्यंतच ठेवून निवांत गाता येतं, तार सप्तकात आवाज फाटत नाही. गंमत म्हणजे मेसेजने ज्यांना कचरा ठरवलं, त्यांतल्याच बेहरिंगरच्या यूएमसी-२०२एचडीच्या खोक्यावर १९२ छापलेलं असतं!

फँटमने डायनॅमिक, म्हणजे कॉइलवर चालणारा साधा माइक जळत नाही. ४८ व्होल्ट केबलच्या दोन्ही तारांवर सारखेच असतात, त्यामुळे माइकच्या कॉइलमधून प्रवाह वाहतच नाही. हा ४८ चा आकडाही मजेशीर आहे: १९६६ मध्ये नॉइमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी माइक केले, तेव्हा तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच होती. जपायचं ते जुन्या रिबन (आत धातूची पातळ पट्टी असलेल्या) माइकला आणि सदोष केबलला. अनेक छोट्या इंटरफेसवर दोन्ही इनपुटांना मिळून एकच ४८ व्होल्टचं बटण असतं. शेजारी साधा माइक लावलाय म्हणून घाबरायचं कारण नाही.

आता लेटन्सी. हा तो अर्धा खरा मुद्दा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाऊन-येऊन आणि बाकीचं धरून दहाच्या आत राहिलं, तर गाणाऱ्याला त्रास होऊ नये. हवेतून आवाजाला एक मीटर यायलाच जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे मैफलीत तबलजी दोन हात लांब बसला तरी एवढा उशीर असतोच. शिवाय डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं की स्वतःचा आवाज संगणकात न जाता सरळ हेडफोनला येतो.

अडतं ते ड्रायव्हरवर. बेहरिंगरच्याच यूएम-२ आणि यूएमसी-२२ ला विंडोजवर स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिरात आवाज ने-आण करणारं सॉफ्टवेअर) नाही, एएसआयओ-फोर-ऑल या सर्वसाधारण ड्रायव्हरवर भागवावं लागतं. नुसतं गाणं रेकॉर्ड करणाऱ्याचं त्यावर चालून जातं. पण गिटार सॉफ्टवेअरच्या अँपमधून वाजवायची असेल किंवा की-बोर्डवर सॉफ्टवेअरमधली पेटी वाजवायची असेल, तर डायरेक्ट मॉनिटर कामाचा नाही आणि बफर खाली आणला की आवाज तुटायला लागतो. अशांनी दोन-चार हजार वाढवून स्वतःचा ड्रायव्हर असलेला इंटरफेस घ्यावा. चाळीस हजारांपर्यंत जाण्याची गरज इथेही पडत नाही. मॅकवाल्यांना तर ही कटकट जवळजवळ नाहीच.

राहिली इनपुटं. इथे मेसेज बरोबर आहे, फक्त किंमत चुकीची सांगतो. तबल्याला एक आणि डग्ग्याला एक, पेटीला एक, गळ्याला एक, असे चार माइक हवे असतील तर दोन इनपुटांत ते बसणार नाहीत. पण यूएमसी-४०४एचडीला चार माइक प्रीअँप आहेत आणि तो चाळीस हजारांच्या बराच खाली मिळतो. त्याआधी एक विचारा: एकाच खोलीत चौघं बसणार असतील, तर पेटी गळ्याच्या माइकमध्ये आणि डग्गा सगळीकडे शिरणारच. चार ट्रॅक मिळाले म्हणून चार स्वच्छ आवाज मिळत नाहीत. क्लिकवर (हेडफोनमधल्या ठोक्यावर) बसवलेलं भावगीत असेल तर तबला आज, गाणं उद्या, असं दोन इनपुटांत उत्तम निघतं. ख्यालाचं तसं नाही. विलंबितात तबलजी गाणाऱ्याकडे बघून वाजवतो, त्याला आधी एकट्याने वाजवायला बसवून चालत नाही. तिथे चार इनपुटं घ्या, आणि उरलेल्या पैशांत भिंतीला जाड गोधड्या टांगा.