‘एकट्याने जा, सगळेच जातात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘पुणं सोडताना’ या माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखावर ‘एक पुणेकर’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आठवीतल्या मुलीला आणि 71 वर्षांच्या आईला उपटून बंगळुरूला नेणं हा निव्वळ पगाराचा हव्यास आहे, मुलीचे पुढचे प्रवेश, बायकोची नोकरी, कन्नड, यांतल्या कशाचाच मी विचार केलेला नाही, डिपॉझिटचा आकडा चुकलाय, आणि शेवटी, ‘एकट्याने जा, महिन्यातून एकदा ये. विमानाने दीड तास. सगळेच करतात. एवढं रडण्यासारखं काय आहे त्यात?’

आधी माझी चूक. बंगळुरूत दहा महिन्यांचं डिपॉझिट द्यावंच लागतं असं मी लिहिलं होतं. तो जुना रिवाज. आता पाच-सहा महिन्यांवरही घरमालक तयार होतात. लेखात दुरुस्ती केली आहे. आपले आभार.

आता त्या ‘जा’ आणि ‘ये’बद्दल. आपली ओळख नाही. मी 44 वर्षांचा आहे, आणि अनोळखी माणसाने मला एकेरीत सल्ला द्यावा इतकं काही मी लिहिलेलं नाही. लेखात मी कुठेही रडलेलो नाही. चार महिने आमच्या घरात जे बोलणं चाललं होतं ते तसंच मांडलं. मत वेगळं असेल तर जरूर सांगा, पण समोरच्या घरात माणसं राहतात याचं भान ठेवून सांगा.

विमान हवेत दीड तास असतं, हे खरं. पण विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या उत्तरेला. माझं ऑफिस दक्षिणेच्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत. मधे अख्खं बंगळुरू. शुक्रवारी संध्याकाळी ते पार करायचं, तिथे वेळेआधी पोहोचायचं, लोहगावला उतरून कोथरूड गाठायचं. बेल वाजवेन तेव्हा मुलं झोपलेली असतील. उद्यान एक्स्प्रेसने निघालो तर शनिवार गाडीतच जातो. आणि रविवारी जेवण झालं की पुन्हा बॅग.

महिन्यातून एकदा येणारा बाप म्हणजे काय, हे मला तुम्ही सांगू नका. आमचं गाव कणकवली तालुक्यात. वडील मुंबईला गोदीत कामाला होते. राहायचे लालबागला गाववाल्यांच्या खोलीत, जेवायचे खाणावळीत. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 साली; तोवर रात्रभर एसटी. गणपतीला दहा दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस, एवढेच ते घरी. माझ्या पहिल्या अठरा वर्षांत मला वडील मिळाले ते सगळे मिळून सव्वा वर्ष.

दर महिन्याला मनीऑर्डर यायची. कुपनावर मजकुराला दोन बोटं जागा. तिथे कायम तेच: ‘पैसे पाठविले आहेत. मुलांस सांभाळणे.’ आईने ती सगळी कुपनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. तो डबा आजही आमच्या कपाटात आहे.

मी पाच वर्षांचा असेन. चतुर्थीच्या आदल्या दिवशी खळ्यात एक माणूस ट्रंक घेऊन उभा राहिला. मी आत पळालो आणि ओरडलो, ‘आये, पावणे इले!’ आई हसली नाही. वडीलही हसले नाहीत. त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि पाय धुवायला पाणी मागितलं.

सगळेच करतात? करत होते, अख्खं कोकण करत होतं. कारण दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस गडी आळीपाळीने झोपायचे, तिथे बायकापोरं कुठे नेणार? वडिलांकडे इलाज नव्हता. माझ्याकडे आहे. जयनगरच्या बाजूला दोन खोल्यांचं भाडं मला झेपतं, आणि ऑगस्ट 2025 पासून तिथून इलेक्ट्रॉनिक सिटीला मेट्रोची यलो लाइन धावते. रोज साडेसातला मी घरी असू शकतो. ते सोडून मी मुद्दाम पाहुणा का व्हावं, याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहावं असं वाटत नाही. प्रवेशाचा नियम तुम्ही सांगितलात तसाच आहे. कर्नाटकच्या कोट्यासाठी साधारण सात वर्षं तिथल्या शाळा-कॉलेजात काढलेली लागतात, आणि आपल्याकडे मेडिकलच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी महाराष्ट्रातली लागते. लेक दोन्हीकडून सुटते. पण तिला डॉक्टरच व्हायचंय हे तुम्ही कसं ठरवलंत? पाच वर्षांनी बघू. शाळेत कन्नड शिकावं लागेल. शिकेल, मुलं शिकतात. बायकोच्या नोकरीचं आम्ही दोघं बघू, त्याची चर्चा इथे करणार नाही.

‘आईला विचारलंस तरी का?’ असं तुम्ही दरडावलंय. विचारलं होतं. तिने पाण्याचं, भाषेचं, भाड्याचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, ‘रोज सांजचो घराक येतलस मां?’ मी हो म्हटलं.

मुलांचे दाखले काढून झालेत. सामानाची गाडी 23 मेला येते आहे. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. पुढची पाठवलीत तर तीही छापेन, फक्त एकेरीत लिहिलेली नको.