'कुठलीही केबिन घ्या, स्कूटर दाराबाहेर लावा': क्रूझच्या एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मुलांकडे आलेल्या आई-बाबांना घेऊन सगळ्यांनी मिळून कॅरिबियन नाहीतर अलास्काची क्रूझ करायची, हा बेत आता पुण्या-ठाण्याच्या कित्येक घरांत शिजतो. आठ-दहा जणांचा ग्रुप, त्यात कोणा काकांचे गुडघे गेलेले नाहीतर आजींना तोल सांभाळता येत नाही, म्हणून सोबत बॅटरीवर चालणारी मोबिलिटी स्कूटर. अशा घरांसाठी एक सल्ला फॅमिली ग्रुपांवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: क्रूझवर सगळं सपाट असतं, तेव्हा साधी केबिन घ्या आणि स्कूटर दाराबाहेर लावा. फारच वाटलं तर घडीची स्कूटर न्या. ॲक्सेसिबल केबिन, म्हणजे अपंगांच्या सोयीसाठी खास बांधलेली खोली, महाग पडते. पण त्याच भावात मिळाली तर सोडू नका, मोठी असते, धडधाकट असलात तरी घ्या. आणि बंदरावर काय, स्कूटरवरूनच उतरायचं.

हेतू चांगला असेलही, पण हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. एकेक मुद्दा घेऊ.

'स्कूटर दाराबाहेर लावा.' नाही लावता येत. जहाजाचा कॉरिडॉर ही आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट असते आणि ती मोकळी ठेवणं हा सुरक्षेचा नियम आहे. मोठ्या कंपन्या स्पष्ट सांगतात की स्कूटर केबिनच्या आतच ठेवायची आणि आतच चार्ज करायची. बाहेर ठेवलीत तर क्रू येऊन हलवायला सांगणार. त्यात त्यांचा काही आडमुठेपणा नाही. सकाळच्या वेळी त्या कॉरिडॉरमधून चालून बघा. चादरी-टॉवेलांच्या ट्रॉल्या एका बाजूला उभ्या, समोरून नाश्त्याला निघालेली माणसं, आणि उरलेल्या जागेत व्हीलचेअरवरचे एखादे गृहस्थ वाट काढतायत. तिथे आणखी एक स्कूटर उभी केली की मागचा माणूस अडकलाच.

म्हणजे प्रश्न आत नेण्याचा, आणि इथेच साध्या केबिनचं गणित फसतं. साध्या केबिनचं दार साधारण 22-23 इंच रुंद असतं. ॲक्सेसिबल केबिनचं 32 इंच किंवा त्याहून जास्त. लहान प्रवासी स्कूटर 20 इंचांच्या आसपास भरते, तेव्हा कागदावर ती साध्या दारातून जाते. पण दार कॉरिडॉरला काटकोनात असतं आणि स्कूटरला लांबीही असते. अरुंद बोळात रिक्षा वळवून एखाद्या वाड्याच्या दिंडीतून सरळ आत घालायला सांगावं, तशातला हा प्रकार. चुकूनमाकून आत गेलीच, तर पलंग आणि कपाट यांच्यामधल्या पट्टीत ती वळत नाही, म्हणजे सकाळी आजींनी मान मागे वळवून रिव्हर्समध्ये बाहेर यायचं. खऱ्या ॲक्सेसिबल केबिनमध्ये वळायला साधारण पाच फूट व्यासाची मोकळी जागा सोडलेली असते. ही केबिन घ्यायची ती रुंद दाराइतकीच या मोकळ्या जागेसाठी.

जाता जाता एक: स्कूटर मोजताना लोक सीट मोजतात. सगळ्यात रुंद जागा बहुधा मागच्या चाकांपाशी किंवा हात टेकायच्या दांड्यांपाशी असते. टेप तिथे लावा.

'घडीची स्कूटर न्या, प्रश्नच मिटला.' हा मुद्दा अर्धा खरा आहे. काका काठी टेकत दहा पावलं चालू शकत असतील, स्कूटर फक्त लांबच्या अंतरासाठी असेल, आणि घडी घालायला सोबत कोणी दणकट माणूस असेल, तर साध्या केबिनमध्ये निभतं. पण घडीची स्कूटरसुद्धा वीस-पंचवीस किलोंची असते, आणि ती घडी घातली जात असताना काका कशाला धरून उभे राहणार, हे सल्ला देणाऱ्यानं सांगितलेलं नाही. शिवाय साध्या केबिनच्या बाथरूमला बहुधा चांगला उंच उंबरठा असतो. जहाज हलत असताना, मध्यरात्री, अर्धवट झोपेत तो ओलांडायचा आहे. पडण्याची भीती मला स्कूटरपेक्षा या उंबरठ्याची जास्त वाटते.

'ॲक्सेसिबल केबिन महाग पडते.' या समजाला इतिहास आहे. 1998 आणि 1999 साली ह्यूस्टनहून नॉर्वेजियन क्रूझ लाइननं प्रवास केलेल्या काही अपंग प्रवाशांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कंपनीवर दावा लावला. आपल्याकडून जादा भाडं आणि वेगळे आकार घेतले, हा त्यांच्या आरोपांपैकी एक होता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2005 मध्ये निकाल लागला, की जहाजावर झेंडा परदेशी असला, म्हणजे त्याची नोंदणी दुसऱ्या देशातली असली, तरी अमेरिकी पाण्यात अपंग हक्कांचा अमेरिकी कायदा त्याला लागू होतो. जहाजाच्या सुरक्षेला बाध आणणारे बांधकामातले बदल मात्र करायला लावता येणार नाहीत, असंही न्यायालयानं म्हटलं. युरोपात 2010 चा 1177 क्रमांकाचा नियम आहे. डिसेंबर 2012 पासून लागू असलेल्या या नियमानुसार अपंग प्रवाशाला तिकीट जादा पैसे न घेता, इतरांसारख्याच अटींवर द्यावं लागतं.

मग महाग का वाटते? कारण या केबिन थोड्या असतात आणि लवकर जातात. उशिरा जागे झालात की स्वस्त वर्गातल्या संपलेल्या असतात आणि उरते ती वरच्या वर्गातली. शिवाय 'केबिन आम्ही ठरवू' अशा बोलीवर मिळणारं सगळ्यात स्वस्त तिकीट तुमच्या उपयोगाचं नाही, कारण त्यात कुठली खोली हाती लागेल याचा भरवसा नसतो. तिथे वाचवलेले पैसे अंगाशी येतात.

'ॲक्सेसिबल म्हणजे ॲक्सेसिबल, कुठलीही घ्या.' हे वाक्य त्या सल्ल्यात उघड नसलं तरी गृहीत धरलेलं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर अशा केबिनचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात स्कूटर किंवा व्हीलचेअर पलंगाच्या दोन्ही बाजूंना नेता येते. दुसऱ्यात एकाच बाजूला. तिसरा प्रकार थोडंफार चालू शकणाऱ्यांसाठी, म्हणजे आधाराचे दांडे वगैरे असतात, पण सदासर्वदा चाकांवर असलेल्या माणसासाठी ती खोली नाही. 2015 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या करारात कार्निव्हल कॉर्पोरेशननं जहाजावरच्या 3 टक्के केबिन अशा ठेवायचं मान्य केलं, आणि त्या 3 टक्क्यांत हे तिन्ही प्रकार धरलेले आहेत. दीड हजार केबिनचं जहाज घेतलं तर आकडा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्यातून तिसरा प्रकार वजा करा, मग स्कूटरवाल्यासाठी खरोखर किती उरल्या ते बघा.

म्हणून नुसत्या व्हीलचेअरच्या चिन्हावर जाऊ नका. कंपनीच्या ॲक्सेसिबिलिटी विभागाला फोन करा, केबिनचा नंबर सांगा आणि विचारा: बाथरूममध्ये उंबरठा नसलेला शॉवर आहे की टब? बसून आंघोळ करायला सीट आहे का? बाल्कनीच्या दारात पायरी आहे की उतार? पलंगाच्या कोणत्या बाजूला मोकळी जागा आहे? प्लग कुठे आहे? हा शेवटचा प्रश्न फालतू वाटतो, पण घरून नेलेला एक्स्टेन्शन बोर्ड बऱ्याच कंपन्या बॅग तपासतानाच काढून घेतात. उत्तरं ईमेलवर मागून घ्या. एजंटच्या 'हो हो, होऊन जाईल'वर विसंबू नका.

'मोठी असते, धडधाकट असलात तरी घ्या.' हा सल्ला नव्हे, दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेणं आहे. कंपन्या गरज असल्याचा फॉर्म भरून घेतात, आणि गरज नसताना घेतलेली खोली बदलूही शकतात. ग्रुपमध्ये हाच मोह वेगळ्या रूपात येतो: स्कूटर एक, पण 'सगळे जवळजवळ राहू' म्हणून ॲक्सेसिबल केबिन तीन. तसं करू नका. स्कूटरवाल्यांची खोली आधी पक्की करा, आणि बाकीच्यांच्या साध्या केबिन तिच्या आजूबाजूला किंवा समोर शोधा. पुष्कळ ॲक्सेसिबल केबिन दोघांपुरत्याच असतात, त्यामुळे नातवंडांना आजींच्या खोलीत झोपवायचा बेत असेल तर आधी विचारून घ्या. पत्त्यांचा डावही आजींच्याच खोलीत पडणार हे गृहीत धरा, त्यांची स्कूटर तुमच्या साध्या केबिनमध्ये शिरणार नाही.

मुंबईहून स्कूटर न्यायची तर विमानाचा नियम वेगळा. काढता येणारी लिथियम बॅटरी 300 वॅट-अवर क्षमतेपर्यंतच चालते आणि ती हातातल्या सामानात न्यावी लागते. मायामीसारख्या बंदरावर भाड्याची स्कूटर थेट केबिनमध्ये आणून ठेवणाऱ्या कंपन्या आहेत. मला तोच मार्ग सोपा वाटतो, फक्त भाड्याच्या स्कूटरची रुंदी आधी विचारा.

'बंदरावर स्कूटरवरूनच उतरायचं.' जहाज धक्क्याला लागत असेल तर बहुतेकदा जमतं. पण सगळीकडे ते लागत नाही. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाला जहाज समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटीनं किनाऱ्यावर नेतात. ग्रीसच्या सँटोरिनी बेटालाही तेच, आणि जुन्या बंदरावर पोचल्यावर वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार, गाढव किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. लहान बोटीत जड स्कूटर बहुधा घेतच नाहीत, आणि लाटा असतील तर व्हीलचेअरही नाही. आपल्याकडे लक्षद्वीपला गेलात तरी मोठं जहाज लगूनच्या, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्याच्या, बाहेर थांबतं आणि पुढे लहान बोट. अलास्कात धक्का असला तरी भरती-ओहोटीप्रमाणे उतरायची फळी कधी कधी चांगलीच उभी होते, तिथे वेळ विचारून बाहेर पडावं. केबिन निवडायच्या आधी बंदरांची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे धक्का की बोट, एवढं लिहून घ्या. पाचातल्या तीन ठिकाणी बोट असेल, तर दुसरं जहाज बघा.