खुलासा : फ्लोरिडातील वीज कंपनीचा कोळसा गेला, पण त्याची जागा मुख्यतः वायूने घेतली

‘अमेरिकेतील फ्लोरिडा पॉवर अँड लाइट या वीज कंपनीने कोळसा सोडला आणि आता ती संपूर्णपणे सौरऊर्जेवर चालते’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्याचा पहिला अर्धा भाग बव्हंशी खरा आहे. इंडियनटाउन येथील ३३० मेगावॉटचा कोळसा प्रकल्प कंपनीने २०१७ मध्ये विकत घेतला, तोच मुळी बंद करण्यासाठी, कारण त्याच्याशी झालेला जुना वीजखरेदी करार महाग पडत होता. २०२० च्या अखेरीस तो बंद झाला.

दुसरा भाग मात्र चुकीचा आहे. कंपनीच्या विजेचा निम्म्याहून बराच मोठा वाटा नैसर्गिक वायूचा असून अणुऊर्जेचाही त्यात भाग आहे. २०३० पर्यंत तीन कोटी सौर पॅनेल बसवण्याची २०१९ मधील घोषणा खरी असली, तरी ती बसवलेल्या पॅनेलांची मोजदाद आहे, विजेची नव्हे. तिथले बहुतेक सौर प्रकल्प ७४.५ मेगावॉटचे आहेत (७५ मेगावॉटपासून राज्याची वेगळी, लांबलचक परवानगी लागते, हे त्यामागचे साधे गणित), आणि रात्र व ढग धरता वर्षाची सरासरी निर्मिती या आकड्याच्या पाव भागाच्या आसपासच राहते.