स्टेशनाचा इतिहास लिहायचा म्हणता?

गावातलं स्टेशन बंद पडलंय ना? मग आता त्याचा इतिहास लिहायला घ्या. गाडी चालू होती तेव्हा हे जमत नव्हतं, मध्येच ती यायची. तुमचं गाव वऱ्हाडातल्या 'शकुंतला' या छोट्या गाडीच्या मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरचं असो की अचलपूरच्या बाजूचं, लाडखेड असो की कापूसतळणी, पद्धत एकच.

पहिली ओळ ठरलेली: 'शकुंतला अजूनही इंग्रजांच्याच मालकीची!' उद्गारचिन्ह विसरू नका. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, स्वातंत्र्यानंतर सरकारने बहुतेक रेल्वे ताब्यात घेतल्या, ही मात्र राहून गेली आणि वापराचे पैसे करारानुसार कंपनीला द्यायचे ठरले, हे खरंच आहे. पण किलिक निक्सन मुंबईतच थाटलेली आणि पुढे भारतीयांच्याच हातात आली, हे मात्र लिहू नका. वाचकाचं रक्त छान तापलेलं असतं, त्यावर पाणी कशाला ओतायचं? शिवाय दोष लंडनच्या खात्यावर गेला की गावातल्या कोणाला जाब विचारावा लागत नाही.

मग कापूस घ्या. वऱ्हाडचं पांढरं सोनं अडीच फुटी रुळांवरून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि मग बोटीने विलायतेच्या गिरण्यांत. इथे चार ओळी गळा काढा. आज कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गेटवर बैलबंड्या अन् ट्रॅक्टर रात्रभर उभे असतात आणि सकाळी ओलाव्याचं कारण सांगून भाव पाडतात, ते घेऊ नका. ती लूट स्वतंत्र भारतातली आहे, इतिहासात बसत नाही.

इंजिनावर मात्र सढळ हाताने लिहा. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं, सत्तर वर्षं ओढत राहिलं, १५ एप्रिल १९९४ ला उतरवलं आणि डिझेल आलं. लोकांना वाफ आवडते. गार्डचं काम जरा जपून सांगा. शेवटी शेवटी तोच खाली उतरून तिकिटं फाडायचा आणि गाडी निघायच्या वेळी डब्यात चढायचा. हे लिहिलं की कोणी विचारेल, तिकिटं किती फाटायची?

हा प्रश्न मोठ्या माणसांना विचारूच नका. मी एका काकांना विचारला. "तिकीट? काऊन बे, आपल्या गावच्या गाडीले तिकीट लागते काय?" हे बोलून त्यांनी स्टेशन वाचवण्याच्या निवेदनावर सही केली. सही मात्र झोकदार होती, खाली दुहेरी रेघ.

जमलं तर प्रत्यक्ष जाऊनही या. तिकीटखिडकीचे गज शाबूत असतात, आतल्या टेबलाचा पत्ता नसतो. फलाटावर गाजरगवत, रुळांमध्ये बाभळी, आणि पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं उडालेली असली तरी कोण्या पोराने खडूने काढलेलं बाण मारलेलं बदाम ठसठशीत दिसतं. फोटोत बदाम येऊ देऊ नका. वारसा बिघडतो.

ब्रॉडगेजचा विषय शेवटच्या परिच्छेदात, 'लवकरच' या शब्दासह. सर्वेक्षण म्हणा, मंजुरी म्हणा, निधी म्हणा. पण गाडी कोणत्या साली येणार ते पाहुण्यांच्या भाषणावर सोडा. निवडणूक जवळ असली तर त्यांना साल आठवतं.

प्रकाशनाचा कार्यक्रम स्टेशनच्याच आवारात ठेवा. पाहुणे दोन तास उशिरा येतात, म्हणजे गाडीची परंपरा आपसूक पाळली जाते. सत्कार, शाल, नारळ, फोटो होईतो शेवटची एसटी निघून जाते. घाबरू नका, फाट्यावर काळीपिवळी उभी असते. तीत कोंबून बसा, आणि कोपर हलवायला जागा मिळाली तर तिथूनच पुस्तकाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाका. भाडं मात्र चढायच्या आधीच काढून ठेवा, काळीपिवळीवाला ओळखपाळख पाहत नाही.