खुलासा : ‘नाव लिहिलं नाही, म्हणजे गुन्हा नाही’ हे चूक

बलात्कारपीडितेचं नाव गाळून, फोटो धूसर करून टाकला तर कायदा आड येत नाही, बंदी फक्त वर्तमानपत्रांना आहे, असा मेसेज आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक.

भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ नावापाशी थांबत नाही. ओळख पटेल असा कुठलाही मजकूर प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. चेहरा धूसर, पण मागे तुळशीवृंदावन, स्कूटरचा नंबर, खाली ‘अमक्या वाड्यावरची, बापाचं नारळाचं दुकान’! पेडण्यात सकाळी पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा घर दाखवील. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात हेच बजावलं, समाजमाध्यमांसकट. पीडिता हयात नसेल, तरी नुसत्या आईबापांच्या होकारावर नाव उघड करता येत नाही. ते सत्र न्यायाधीश ठरवतात. सज्ञान पीडितेने स्वतः लेखी परवानगी दिली, तर गोष्ट वेगळी.

त्याच मेसेजात ‘गुन्हा मडगावला, तर म्हापशात तक्रार घेत नाहीत’ असंही आहे. पोलिसांना घ्यावीच लागते, झीरो एफआयआर (हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची नोंद) म्हणून. प्रतही फुकट मिळते, मागून घ्या.