'डिप्लोरेबल'वाल्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

सर,

प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली खरंतर, कारण पहिल्यांदा वाटलं की दुसऱ्याच कुणाच्या पोस्टखालची चुकून इथे आली असावी.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी: मी मागे 'डिप्लोरेबल' आणि त्याच्या भावकीतले शब्द, म्हणजे अपॉलिंग, डिस्पिकेबल, रेप्रिहेन्सिबल, इग्रीजस, हे ढोबळमानाने 'फार वाईट' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कुठे शोभतात आणि कुठे नाही यावर लिहिलं होतं. त्यावर सर थिसॉरसचा, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशाचा, दाखला देऊन म्हणतात, "हे सगळे थिसॉरसमध्ये एका ओळीत आहेत, कुठलाही कुठेही टाका, काही फरक पडत नाही, मराठी मीडियमवाल्यांना इंग्रजीचा असा कीस पाडायची हौसच असते." शिवाय पोस्ट फार लांबली, हिलरी क्लिंटनचं राजकारण मध्येच कशाला, आणि डिप्लोरेबल बोलताना वापरतं कोण. आणि शेवटी "असो, चालू द्या".

वापरतं कोण, हे मान्य. बोलताना लोक अपॉलिंग, डिसगस्टिंग नाहीतर सरळ टेरिबल म्हणतात, डिप्लोरेबल हा जास्त करून बातमीतला, अहवालातला शब्द. हे पोस्टमध्ये अजून ठळक यायला हवं होतं. घ्या, एक मार्क तुमचा.

आता ती मीडियमवाली ओळ. तुम्ही नावाखाली 'निवृत्त प्राध्यापक, इंग्रजी' असं लिहिलंय, म्हणजे माझ्यासारखी कितीतरी पोरं तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून गेली असणार, त्यांनी कधी हात वर करून विचारलं असेल की सर या दोन शब्दांत फरक काय, तर त्यांनाही हेच उत्तर मिळालं का? हो, आहे मी मराठी मीडियमचा. झेडपीच्या शाळेतला. मुद्दा खोडायचाय तर खुशाल खोडा, पण मुद्दा हातात असताना माणसाची शाळा काढायची गरज पडत नाही. आणि चालू द्या काय, सर? माझाच ब्लॉग आहे.

बरं, हौस म्हणालात म्हणून सांगतो. मी हे हौसेने नाही शिकलो, पोटासाठी शिकलो. पुण्यात एका बीपीओत ब्रिटिश ग्राहकांच्या तक्रारींच्या मेल्सना उत्तरं लिहायचं काम होतं, नाइट शिफ्ट, आणि क्वालिटीवाले एकच शब्द परत आला की मार्क कापायचे. त्यामुळे सगळे वर्डमध्ये शब्दावर राइट क्लिक करून सिनॉनिम्समधून दुसरा उचलायचे, म्हणजे तुमचीच थिअरी. शेजारच्या डेस्कवरच्या पोराने एकदा सोफ्याच्या डिलिव्हरीला उशीर झाला म्हणून माफी मागताना लिहिलं, 'वी अपॉलजाइज फॉर धिस डिस्पिकेबल डिले'. बाईंचं उत्तर आलं की मी चिडलेय हे खरं, पण इतकंही काही म्हणणार नाही. टीम लीडने ते मोठ्याने वाचून दाखवलं, अख्खा फ्लोर हसला, तो बिचारा लाल झाला. डिस्पिकेबल माणूस असतो किंवा त्याने केलेलं नीच काम असतं. सोफा उशिरा आला यात नीचपणा कुणाचा, टेम्पोचा?

त्याच ब्रिटिश ग्राहकांच्या मेलमध्ये 'आय अ‍ॅम अपॉल्ड' रोज यायचं. 'आय अ‍ॅम डिप्लोर्ड' एकदाही नाही, आणि कुठल्याही अस्सल इंग्रजाच्या मेलमध्ये येणारही नाही, कारण अपॉलिंगमध्ये बोलणाऱ्याला धक्का बसलेला असतो आणि डिप्लोरेबलमध्ये समोरच्या गोष्टीची अवस्था वाईट असते. म्हणून हवामान अपॉलिंग, अक्षर अपॉलिंग, ड्रायव्हिंग अपॉलिंग चालतं. तुरुंगातली, छावणीतली परिस्थिती डिप्लोरेबल. रेप्रिहेन्सिबल फक्त वागणुकीला, त्यात दोष कुणाचा ते आलं पाहिजे, रस्ता कधी रेप्रिहेन्सिबल नसतो. इग्रीजस चुकीला, नियमभंगाला. आपण तरी मराठीत काय करतो? रस्ता भिकार म्हणतो, नीच रस्ता म्हणतो का? पूरग्रस्तांची अवस्था दयनीय, निंदनीय नाही. हे कुणी शिकवावं लागलं नाही आपल्याला.

आणि थिसॉरसचा दाखला देताय तर ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या रॉजेटचंच ऐका. 1852 साली त्याने पुस्तक काढलं तेव्हा प्रस्तावनेतच सांगून टाकलं की शब्दांचे अर्थ समजावणं हा या पुस्तकाचा हेतू नाही, अर्थ वाचकाला आधीच माहीत आहेत असं मी धरून चालतो. ही अट विसरून एका ओळीतलं सगळं सारखं म्हणायचं म्हणजे कमाल आहे, तेही प्राध्यापकांनी.

फरक पडत नाही म्हणता ना? फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर सुरक्षा परिषदेत ठराव आला, मसुद्यात आधी 'कंडेम' (थेट निषेध) होतं, चीनने विरोधात मत देऊ नये म्हणून ते त्याहून सौम्य 'डिप्लोर' (तीव्र खेद, नापसंती) केलं अशा तेव्हा बातम्या होत्या. चीन तटस्थ राहिला, आपणही राहिलो, रशियाने व्हेटो वापरला. पुढे 2 मार्चला आमसभेत 141 देशांनी जो ठराव मंजूर केला त्यातही 'डिप्लोर्स'च आहे, पुढे 'इन द स्ट्राँगेस्ट टर्म्स' जोडून. एवढ्या देशांचे राजदूत एका क्रियापदासाठी घासाघीस करतात, तेही मराठी मीडियमचे का?

क्लिंटनबाईंना मी आणलं नाही सर, त्या स्वतःच आल्या. 9 सप्टेंबर 2016 ला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्पविरुद्ध उभ्या असताना, न्यूयॉर्कच्या निधी-कार्यक्रमात त्यांनी ट्रम्पच्या अर्ध्या समर्थकांना 'बास्केट ऑफ डिप्लोरेबल्स'मध्ये टाकलं, विशेषणाचं सरळ अनेकवचनी नाम केलं, दुसऱ्या दिवशी त्या 'अर्ध्या'बद्दल खेद व्यक्त केला, तोवर समर्थकांनी तेच टी-शर्टवर छापायला घेतलं. या शब्दावर लिहायचं आणि हे गाळायचं, कसं जमायचं? यात मी कुणाची बाजू घेतलेली नाही, परत वाचा.

पोस्ट लांबली, हो. हे उत्तरही लांबलंय.

एक करा. अर्थ जराही न हलता पाचही शब्द आलटून पालटून बसतील असं एक इंग्रजी वाक्य खाली लिहा, मी ते पोस्टच्या वर तुमच्या नावाने लावतो. नाही सुचलं तरी तुमची प्रतिक्रिया काढणार नाहीये, फक्त ती मीडियमवाली ओळ तुमची तुम्हीच काढलीत तर बरं.